सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही : कारण शोधावे कसे?

आपल्या वसतिगृहात राहून गेलेल्या अनेकांना ती रात्र आठवत असेल. रात्रीच्या जेवणानंतर एका लहान विद्यार्थ्याला श्वास घेण्यास त्रास होऊ लागला. संस्थेची जुनी डिझेल जीप आवारातच उभी होती. किल्ली फिरवली, सेल्फ नेहमीसारखा फिरला, इंजिन घुंघुंले, पण जागे झाले नाही. पुन्हा प्रयत्न झाला, मग पुन्हा. कोणी म्हणाले बॅटरी गेली, कोणी म्हणाले पंप बसला, कोणी चाकाखाली लिंबू ठेवण्याचेही सुचवले. मोठ्या मुलांनी आवारातून फाटकापर्यंत जीप ढकलत नेली. शेवटी बॅटरीही उतरली आणि सेल्फ फिरणेसुद्धा थांबले. शेजारच्या शेतकरी कुटुंबाने ट्रॅक्टर जोडला म्हणून ते लेकरू रुग्णालयात वेळेवर पोहोचले आणि बरे होऊन परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेज चालवणारे एक माजी विद्यार्थी आले. त्यांनी अर्ध्या तासात जीप सुरू करून दिली. एकही सुटा भाग बदलावा लागला नाही. त्यांनी काय केले, ते या लेखाच्या शेवटी सांगू. आधी त्यांनी विचार कसा केला ते पाहू, कारण त्या रात्री आमच्याकडे माणसे होती, ताकद होती, तळमळ होती. केवळ विचाराची रीत नव्हती.

आम्ही काही माजी विद्यार्थी पुढे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकलो आणि मोटार दुरुस्तीच्या व्यवसायात स्थिरावलो. स्मरणिकेसाठी आठवणींबरोबर काही उपयोगाचेही लिहावे, असे संपादक मंडळाने सुचवले. आज आपल्या बहुतेक कुटुंबांच्या दारात एखादी चारचाकी आहे. कोणाचा उदरनिर्वाह तिच्यावर चालतो, कोणाचे आईवडील तिच्यातून दवाखान्यात जातात. म्हणून हा विषय निवडला.

आधी तक्रार नेमकी ओळखावी

‘गाडी चालू होत नाही’ या एका वाक्यात दोन अगदी वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. पहिलीत किल्ली फिरवल्यावर काहीच घडत नाही, किंवा नुसता ‘टक्’ असा आवाज येतो. तो दोष बॅटरी, तिचे टर्मिनल, सेल्फ किंवा त्याची वायर यांच्याकडे असतो. दुसरीत सेल्फ इंजिनाला व्यवस्थित फिरवतो, पण इंजिन स्वतःच्या बळावर चालत नाही. हा लेख या दुसऱ्या तक्रारीविषयी आहे.

हा भेद लक्षात आला की त्या रात्रीची आमची पहिली चूक उघड होते. गाडीला धक्का मारणे म्हणजे सेल्फचे काम माणसांनी करणे. सेल्फ जर आपले काम चोख करत असेल, तर धक्का मारून काय साधणार? आम्ही जीप फाटकापर्यंत ढकलली ती व्यर्थ.

मात्र एक सावधगिरी हवी. सेल्फ फिरतो आहे, पण नेहमीपेक्षा मंद, रडत-रखडत फिरतो आहे, असे वाटल्यास संशय बॅटरीवरच घ्यावा. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ फिरताना हा दाब उतरतो. तो १० व्होल्टच्याही बराच खाली गेला, तर इंजिन फिरते खरे, पण गाडीचा संगणक आणि ठिणगीची यंत्रणा यांना पुरेशी वीज मिळत नाही.

इंजिनाला काय काय लागते?

इंजिन पेटण्यासाठी चार गोष्टी एकत्र याव्या लागतात : हवा, इंधन, पेटवणारी उष्णता आणि दाब, म्हणजेच कॉम्प्रेशन. पाचवी गोष्ट म्हणजे या चारही गोष्टी योग्य क्षणी येणे. पेट्रोलच्या गाडीत उष्णता प्लगच्या ठिणगीतून मिळते. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, हे त्याच्या ज्वलनाचे प्रमाण. डिझेलच्या गाडीत ठिणगी नसतेच. तिथे हवा इतकी दाबली जाते की ती आपोआप तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडताच तो पेट घेतो. म्हणून पेट्रोल इंजिनात हवा साधारण नऊ ते बारा पटींनी दाबली जाते, तर डिझेल इंजिनात पंधरा ते वीस पटींच्या आसपास.

आपल्या शाळेत प्रतीत्यसमुत्पाद शिकवला जातो. हे असले तर ते होते, हे नसले तर ते होत नाही. कोणतीही घटना कारणांवाचून घडत नाही आणि कारण दूर केल्यावर ती टिकत नाही. मोटारीचे इंजिन हे या सिद्धान्ताचे रोज दिसणारे उदाहरण आहे. चारांपैकी एक कारण नसले की ज्वलन नाही. मग आपले काम एवढेच उरते, की चारांपैकी कोणते गैरहजर आहे ते शोधणे. चारही भाग एकाच वेळी बदलत बसणे म्हणजे निदान नव्हे, तो जुगार आहे आणि त्याचे पैसे गाडीमालकाच्या खिशातून जातात.

हत्यार हाती घेण्यापूर्वीची पाच मिनिटे

आमचा अनुभव असा, की निम्मे काम डोळे, कान आणि नाक करतात. पुढील गोष्टी कोणीही पाहू शकतो.

पहिली गोष्ट इंधन. काटा दाखवतो म्हणून टाकीत इंधन आहे असे मानू नये. टाकीतला तरंगता गोळा अडकला की काटा खोटे बोलतो. शेवटचे इंधन कधी भरले आणि त्यानंतर गाडी किती चालली, याचा हिशेब करावा. सीएनजी बसवलेल्या गाड्यांच्या मालकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. अशा अनेक गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि नंतर सीएनजीवर जातात. सीएनजीची टाकी भरलेली आणि पेट्रोलची कोरडी, अशी गाडी सेल्फ मारत राहते आणि सुरू होत नाही.

दुसरी गोष्ट किल्लीची ओळख. नव्या गाड्यांत चोरीपासून संरक्षण करणारी इमोबिलायझर नावाची व्यवस्था असते. किल्लीतली चिप गाडीने ओळखली नाही, तर अनेक गाड्यांत सेल्फ फिरतो, पण इंधन किंवा ठिणगी दिली जात नाही. डॅशबोर्डवर किल्लीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत असेल, तर दुसरी किल्ली वापरून पाहावी. ज्या गाडीला बटणाने सुरू करतात, तिच्या किल्लीतला सेल संपला असल्यास काय करावे, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते.

तिसरी गोष्ट दिव्यांची. किल्ली ‘ऑन’ केली, पण सेल्फ मारला नाही, अशा वेळी इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागायला हवा. तो मुळीच लागत नसेल, तर संगणकाला वीज पोहोचत नाही, असा संशय घ्यावा. मुख्य फ्यूज तपासण्याची ती खूण आहे.

चौथी गोष्ट आवाजाची. पेट्रोलच्या बहुतेक गाड्यांत किल्ली ‘ऑन’ करताच मागच्या आसनाखालून साधारण दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. तो इंधनपंपाचा आवाज. एकाने किल्ली फिरवावी, दुसऱ्याने मागे कान लावावा. दुसरा आवाज सेल्फचा. निरोगी इंजिन सेल्फवर फिरताना त्यात ताल असतो, कारण प्रत्येक सिलिंडरचा दाब सेल्फला क्षणभर अडवतो. ताल नाहीसा होऊन सेल्फ सुसाट, हलका, एकसुरी फिरू लागला, तर दाबच तयार होत नाही. टायमिंग बेल्ट तुटला असण्याची ती खूण. अशा वेळी एकदाही अधिक सेल्फ मारू नये. काही इंजिनांत पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हवर आदळतो आणि थोडक्यात निभावणारे काम इंजिन उघडण्यापर्यंत जाते.

पाचवी गोष्ट वासाची आणि धुराची. चार-पाच वेळा सेल्फ मारल्यावर सायलेन्सरशी कच्च्या पेट्रोलचा वास येत असेल, तर इंधन पोहोचते आहे पण पेटत नाही. वासच नसेल, तर इंधनच येत नाही. डिझेलच्या गाडीत हेच काम धूर करतो. सेल्फ मारताना पांढरट धूर निघाला, तर डिझेल येते आहे पण उष्णता किंवा दाब कमी पडतो आहे. धूर अजिबात नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत जातच नाही.

पेट्रोलची गाडी

पंपाचा आवाज येत नसेल, तर आधी त्याचा फ्यूज पाहावा. फ्यूजपेटीच्या झाकणावर नकाशा छापलेला असतो. फ्यूज ठीक असेल, तर रिले. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा रिले आणि पंपाचा रिले अगदी एकसारखे, एकाच क्रमांकाचे असतात. ते आपसांत बदलून पाहिले की खर्च न करता उत्तर मिळते. जळालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार किंवा मोठ्या क्षमतेचा फ्यूज कधीही घालू नये. नवा फ्यूज पुन्हा जळाला, तर वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे असे समजावे. काही गाड्यांत जोराचा धक्का बसल्यावर इंधन आपोआप तोडणारा स्विच असतो. खड्ड्यात गाडी आदळल्यानंतर ती सुरू होत नसेल, तर तोही आठवावा.

पंप चालतो, पेट्रोलचा वास येतो, तरी इंजिन पेटत नाही, तेव्हा शोध ठिणगीकडे वळवावा. इथे क्रँक सेन्सर हा लहानसा भाग फार महत्त्वाचा. इंजिन नेमके कोणत्या स्थितीत आहे, हे तो संगणकाला सांगतो. त्याचा निरोप आला नाही, तर ठिणगी कधी द्यावी आणि इंधन कधी सोडावे हेच संगणकाला कळत नाही. अनेक गाड्यांत सेल्फ मारताना आरपीएमचा काटा किंचित हलतो. तो जराही हलत नसेल, तर या सेन्सरवर संशय घ्यावा. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात एक ठरलेली तक्रार येते : गाडी तापल्यावर बंद पडते, झाडाखाली तासभर निवली की सुरू होते. तिथे हा सेन्सर आधी तपासावा.

वारंवार सेल्फ मारल्याने प्लग पेट्रोलने भिजतात. इंधन इंजेक्टरने सोडणाऱ्या अनेक गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारला, तर संगणक इंधन थांबवतो आणि केवळ हवा आत जाऊन प्लग सुकतात. पाच-सात सेकंद असे करून पाहावे. प्लग बाहेर काढून ठिणगी पाहण्याचा जुना प्रकार मात्र घरी करू नये. कॉइलचा दाब हजारो व्होल्टचा असतो आणि शेजारी पेट्रोलची वाफ असते.

डिझेलची गाडी

आपल्या भागातील जीप, टेम्पो आणि मालवाहू गाड्या अजूनही मोठ्या प्रमाणात डिझेलवर आहेत. त्यांच्या बाबतीत चार कारणे पुन्हा पुन्हा आढळतात.

पहिले, लाइनमध्ये शिरलेली हवा. डिझेल पूर्ण संपले, फिल्टर बदलला किंवा रबरी नळीला बारीक चीर गेली की हवा आत शिरते. हवा दाबली जाते, डिझेल दाबले जात नाही. त्यामुळे पंप हवेलाच दाबत राहतो आणि इंजेक्टरपर्यंत फवाऱ्याचा जोर पोहोचत नाही. अशा वेळी नुसते डिझेल भरून भागत नाही. फिल्टरवरील हातपंपाने हवा काढावी लागते.

दुसरे, फिल्टरमध्ये साचलेले पाणी. डिझेलपेक्षा पाणी जड असल्याने ते तळाशी बसते. फिल्टरच्या खालचा स्क्रू सैल करून ते वेळोवेळी सोडून द्यावे. उघड्या डब्यात महिनोन्‌महिने ठेवलेले डिझेल गाडीत ओतू नये.

तिसरे, हीटर प्लग. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे सिलिंडर थंड असतात. किल्ली ‘ऑन’ केल्यावर गुंडाळलेल्या तारेसारखे दिसणारे चिन्ह विझेपर्यंत थांबावे, मगच सेल्फ मारावा.

चौथे, इंधन बंद करणारी कळ. जुन्या जीपमध्ये इंजिन थांबवण्यासाठी ओढायची एक दोरी असे. ती ओढलेलीच राहिली, तर दिवसभर सेल्फ मारूनही इंजिन पेटत नाही. पुढच्या काळात तिची जागा विजेवर चालणाऱ्या सोलेनॉइडने घेतली. त्याची वायर निघाली तरी परिणाम तोच.

नव्या कॉमन रेल गाड्यांविषयी एक कडक इशारा द्यावासा वाटतो. त्यांच्या नळीतील दाब हजार बारच्याही वर जातो. जुन्या सवयीने तो नट सैल केल्यास डिझेलचा फवारा कातडी भेदून आत शिरू शकतो. तशी जखम बाहेरून किरकोळ दिसते, पण ती गंभीर असते. या गाड्यांना प्रशिक्षित माणसानेच हात लावावा.

आपल्या भूमीचे काही दोष

पुस्तकात न सापडणारी काही कारणे आपली भूमीच शिकवते. कापूस आणि मक्याच्या शेतांलगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर शिरतात. पंधरा दिवस न हललेली गाडी अचानक सुरू झाली नाही, तर बॉनेट उघडून आधी कुरतडलेल्या वायरी शोधाव्यात. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यांची धूळ एअर फिल्टर गच्च करते. दुधना, कुंडलिका किंवा पूर्णेला पाणी आल्यावर बुडालेल्या पुलावरून गाडी नेणे, हा तर जिवाशीच खेळ. तसे घडून गाडी बंद पडली, तर सेल्फ मारूच नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही; त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो.

काय करू नये

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये आणि दोन प्रयत्नांत मिनिटभराची विश्रांती द्यावी. सेल्फ फार मोठा प्रवाह ओढतो. तो तापतो आणि बॅटरी उतरते. त्या रात्री आमच्याकडून हेच घडले. तीन-चार प्रयत्नांत गाडी सुरू झाली नाही, तर पाचवा प्रयत्न करण्याऐवजी कारण शोधावे. समृद्धी महामार्गासारख्या वेगवान रस्त्यावर गाडी बंद पडली, तर ती डाव्या कडेला घेऊन मागे त्रिकोण ठेवावा आणि माणसांनी रस्त्यापासून दूर उभे राहावे.

सर्वांत महत्त्वाचे हे, की गाडीत रुग्ण असेल, तर निदान बाजूला ठेवावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी किंवा मिळेल ते दुसरे वाहन घ्यावे. गाडीचे कारण सकाळीही शोधता येते.

मेकॅनिकशी बोलताना

‘गाडी बंद आहे, बघा’ असे न सांगता आपण जे पाहिले ते सांगावे : सेल्फ जोरात फिरतो, पंपाचा आवाज येत नाही, इंजिनाचा दिवा लागतो, काल पाऊस झाला, परवा इंधन भरले. या माहितीने मेकॅनिकचा वेळ वाचतो आणि आपले पैसेही. स्कॅनर लावून आलेला कोड हा निवाडा नसून सुगावा असतो. एखाद्या सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सरच बिघडला असे नाही. त्याची वायर किंवा जोडही सुटलेला असू शकतो. कोणताही महागडा भाग बदलण्यापूर्वी ‘हाच बिघडला हे कशावरून?’ असे नम्रपणे विचारावे. चांगला मेकॅनिक या प्रश्नाने रागावत नाही. उलट, गिऱ्हाईक समजूतदार आहे हे पाहून त्याला बरेच वाटते. जुना भाग मागून घ्यावा.

त्या जीपचे काय झाले?

आता त्या सकाळकडे वळू. आलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आधी दुसरी बॅटरी जोडली आणि एकदाच सेल्फ मारायला लावून स्वतः मागे सायलेन्सरजवळ उभे राहिले. धूर निघाला नाही. म्हणजे डिझेल येत नव्हते. दोरी आत होती. मग त्यांनी फिल्टरखालचा स्क्रू सैल केला. थेंबही पडला नाही. तिथून ते टाकीकडे गेले. काटा निम्म्यावर होता, टाकी मात्र कोरडी. तरंगता गोळा अडकलेला होता. पाच लिटर डिझेल ओतल्यावर आम्ही किल्लीकडे धावलो, तेव्हा त्यांनी हसून थांबवले. लाइनमध्ये हवा होती. हातपंपाने बुडबुडे थांबेपर्यंत त्यांनी हवा काढली, स्क्रू घट्ट केला, आणि दुसऱ्याच प्रयत्नात जीप सुरू झाली.

एका कारणातून दुसरे कारण जन्मले होते. काटा खोटा, म्हणून टाकी रिकामी. टाकी रिकामी, म्हणून लाइनमध्ये हवा. पहिले दूर करून दुसरे तसेच ठेवले असते, तर ‘डिझेल भरले तरी होत नाही, म्हणजे पंपच गेला’ असा निष्कर्ष निघाला असता आणि संस्थेला हजारोंचा भुर्दंड पडला असता.

भगवान बुद्धांनी कालामांना केलेला उपदेश आपण शाळेत ऐकला आहे. परंपरेने आले म्हणून, कोणी मोठ्याने सांगितले म्हणून एखादी गोष्ट मानू नये. स्वतः पडताळून पाहावी. त्या रात्री आवारात मते पुष्कळ होती, पण सायलेन्सरकडे पाहणारे कोणी नव्हते. काटा सांगतो म्हणून आम्ही मानले. लिंबाचा सल्ला आम्ही हसून टाळला हे खरे. पण पडताळणी न करता बॅटरीला आणि पंपाला दोष देणे, हेही त्याच जातीचे होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि आपल्या तरुणांना तांत्रिक शिक्षण मिळावे असा त्यांचा आग्रह होता. हाताने काम करणाऱ्याने कारणाचा विचार करावा आणि पुस्तक वाचणाऱ्याने हाताला काळे लागण्याची लाज बाळगू नये, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. आज शिकत असलेल्या मुलामुलींनी सुटीच्या दिवशी आमच्या गॅरेजमध्ये जरूर यावे. संस्थेच्या गाडीत आता काट्याबरोबर एक वहीही असते. किती इंधन भरले आणि गाडी किती किलोमीटर चालली, याची नोंद त्या वहीत विद्यार्थीच ठेवतात.